नाशिकचं लसीकरण कार्ड परदेशातल्या शाळेत कसं चालवायचं

महापालिकेच्या आरोग्य केंद्रातलं कार्ड भरलेलं आहे, पाच वर्षांचा बूस्टरही झालाय. भारताच्या वेळापत्रकाप्रमाणे मुलाचं लसीकरण पूर्ण आहे आणि त्यात काही खोट नाही. पण हेच कार्ड अमेरिकेतल्या शाळेच्या नर्ससमोर गेलं की ती आधी तारखा बघते: त्या दिवशी मुलाचं वय किती होतं आणि आधीच्या डोसपासून किती दिवस गेले होते. या हिशेबात नाशिकचे काही डोस बाद होतात आणि काही लसी कार्डावर नसतातच. म्हणून एकही लस विकत घ्यायच्या आधी पहिलं काम कागदपेन्सिलीचं.

हे काम निघण्याच्या किमान चार महिने आधी काढा. पुढे दिलेली अंतरं जोडून बघितलीत तर चार महिने का लागतात ते लक्षात येईल.

आधी सगळे कागद एकत्र करा

आपल्याकडे एका मुलाचं एकच कार्ड असेल याची खात्री नसते. बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा जन्माचे डोस निफाडला किंवा मालेगावला आणि पुढचे सिडकोत किंवा नाशिकरोडला. खाजगी प्रसूतिगृहात जन्म झाला असेल तर बीसीजी (टीबीची लस), पोलिओचा शून्य डोस आणि हेपटायटिस बीचा जन्मडोस फक्त डिस्चार्ज कार्डावर असतो. नंतरच्या कार्डावर तो रकाना कोराच राहतो. शिवाय मधली एकदोन इंजेक्शनं कॉलेज रोडच्या बालरोगतज्ज्ञांकडे घेतलेली असतात आणि त्यांच्या फाइलवर नुसते लसीच्या कुपीचे स्टिकर चिकटवलेले असतात.

तर शोधायचे कागद असे: माता व बाल संरक्षण कार्ड, प्रसूतिगृहाचं डिस्चार्ज कार्ड, बालरोगतज्ज्ञांची फाइल, यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद असेल तर तिथला दाखला. मूल थोडं मोठं असेल तर महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेचं कार्डही शोधा. ते शाळेत किंवा अंगणवाडीत मिळालं होतं आणि बहुतेक घरांत हरवलेलं असतं, पण सापडलं तर त्यावरची तारीख कामाची आहे. पल्स पोलिओच्या रविवारचे थेंब मात्र कार्डावर चढत नाहीत. बोटावरची शाई हा पुरावा होत नाही, त्यामुळे ते डोस मोजू नका.

एखादी तारीख पुसट झाली असेल किंवा रकान्यात नुसती बरोबरची खूण असेल तर ज्या केंद्रात डोस दिला तिथल्या सिस्टरकडे किंवा एएनएमकडे (आरोग्यसेविकेकडे) रजिस्टर असतं. डोसचा महिना आणि मुलाची जन्मतारीख घेऊन गेलात तर नोंद सापडते. परदेशात बसून फोनवर हे काम होत नाही, आणि तारीख नसलेला डोस तिकडे कुणी धरत नाही.

आता कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: लस, तारीख, त्या दिवशीचं वय, त्याच लसीच्या आधीच्या डोसपासूनचे दिवस. पेंटाव्हॅलंट एकच इंजेक्शन असलं तरी त्यात पाच लसी आहेत: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब (न्यूमोनिया आणि मेंदूज्वर आणणाऱ्या एका जंतूवरची) आणि हेपटायटिस बी. तक्त्यात हेपटायटिस बी आणि हिब वेगळ्या ओळींवर उतरवा. पुढची सगळी गोम तिथेच आहे.

अमेरिकेसाठी कार्ड कुठे कमी पडतं

अमेरिकेत शाळाप्रवेशाची लसीकरणाची अट राज्याचा कायदा ठरवतो. केंद्रीय संस्था शिफारस करते, ती बदलतही राहते. शाळा मात्र आपल्या राज्याचा नियम लावते. त्यामुळे 'अमेरिकेला काय लागतं' हा प्रश्नच अपुरा आहे. राज्य आणि इयत्ता ठरली की त्या राज्याच्या आरोग्य खात्याचं पान छापून घ्या आणि नाशिकच्या डॉक्टरांसमोर ठेवा. 'याची काही गरज नाही' असं उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा डॉक्टर भारताच्या वेळापत्रकाप्रमाणे बोलत असल्यामुळे. छापील कागद पुढे आला की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

गोवर, गालगुंड, रुबेला. सरकारी केंद्रात मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. शाळा मागते एमएमआर. त्यात गालगुंडही आहे. शिवाय पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला डोस अमेरिकेत धरत नाहीत, त्यामुळे नऊ महिन्यांचा डोस एमआर असो की एमएमआर, बाद. बहुतेक राज्यं वाढदिवसाआधीच्या चार दिवसांची सूट देतात, त्याहून जास्त नाही. दीड वर्षाचा एमआर गोवर आणि रुबेलासाठी चालतो, पण गालगुंडाचे दोन्ही डोस उरतातच. थोडक्यात, फक्त सरकारी कार्ड असलेल्या मुलाला दोन एमएमआर घ्यावे लागतात, मध्ये किमान २८ दिवस ठेवून. खाजगीत नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं असे तीन एमएमआर झाले असतील तर पहिला सोडून दोन उरतात आणि काम भागतं.

कांजिण्या. सरकारी यादीत ही लस नाही. अमेरिकी शाळांना साधारणपणे दोन डोस लागतात: पहिला एका वर्षानंतर, दुसरा तीन महिन्यांनी. तेरा वर्षं किंवा त्याहून मोठ्या मुलांना मधलं अंतर चार आठवडे पुरतं. मुलाला कांजिण्या येऊन गेल्या असतील तर निदान करणाऱ्या डॉक्टरांकडून महिना-वर्षासह तसं लिहून घ्या. 'लहानपणी आल्या होत्या' एवढं पालकांचं तोंडी सांगणं बहुतेक ठिकाणी पुरत नाही.

हेपटायटिस बी. इथे जाणकारही फसतात. कार्डावर जन्म, ६, १० आणि १४ आठवडे असे चार डोस दिसतात, आणि अमेरिकेत तर तीनच लागतात. पण तिथला नियम असा की शेवटचा डोस २४ आठवड्यांचं वय पूर्ण झाल्यावर दिलेला हवा. आपला शेवटचा डोस १४ आठवड्यांचा. म्हणून चार डोस होऊनही मूल अपूर्ण ठरतं आणि आणखी एक लागतो. दीड वर्षाला खाजगीत सहा-इन-वन म्हणजे हेक्साव्हॅलंट घेतलं असेल तर त्यातला हेपटायटिस बी हा डोस भरून काढतो. तक्त्यात ती ओळ वेगळी काढायला सांगितली ती याचसाठी.

पोलिओ. एप्रिल २०१६ मध्ये भारतात तोंडावाटे देण्याची त्रिगुणी (पोलिओच्या तिन्ही विषाणूंवरची) लस बंद होऊन द्विगुणी (दोन विषाणूंवरची) आली. अमेरिका १ एप्रिल २०१६ पासूनचे परदेशातले तोंडावाटे डोस धरत नाही. आता दहा वर्षांखालच्या मुलाच्या कार्डावरचे सगळे थेंब त्यामुळे हिशेबाबाहेर जातात. उरतं इंजेक्शन, म्हणजे आयपीव्ही. सरकारी केंद्रात ते दंडाच्या त्वचेत ०.१ मिली देतात, पूर्ण मात्रेचा पाचवा भाग. हा अंशडोस पूर्ण डोस म्हणून धरला जाईलच असं गृहीत धरू नका. पूर्ण, म्हणजे ०.५ मिलीचे डोस नव्यानं घ्यायची तयारी ठेवा. आणखी एक अट: शेवटचा डोस चौथ्या वाढदिवसानंतर आणि आधीच्या डोसनंतर किमान सहा महिन्यांनी. सुटी आयपीव्ही प्रत्येक दवाखान्याच्या फ्रिजमध्ये नसते, आधी फोन करून मागवून घ्या.

ट्रिपल, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात. इथे कार्ड चांगलं टिकतं. पेंटाचे तीन, दीड वर्षाचा बूस्टर आणि पाच वर्षांचा बूस्टर, असे पाच होतात. दुखरी की 'पेनलेस' याने अमेरिकेच्या मोजणीत फरक पडत नाही. मात्र पाच वर्षांचा बूस्टर राहिला असेल तर सात वर्षं पूर्ण व्हायच्या आत घ्या, नंतर लहान मुलांची ट्रिपल देत नाहीत. सातवीत जाणाऱ्या मुलाला बऱ्याच राज्यांत टीडॅप (याच तीन रोगांवरचा मोठ्या मुलांचा बूस्टर) लागतं. आपल्या केंद्रात दहाव्या वर्षी मिळणाऱ्या टीडीमध्ये डांग्या खोकल्याचा भाग नाही, म्हणून ती त्याची जागा घेत नाही.

हिब आणि न्यूमोकोकल पाच वर्षांखालच्या मुलांनाच विचारतात. हेपटायटिस ए सगळीकडे लागत नाही. टेक्सासला बालवाडीसाठी दोन डोस लागतात, कॅलिफोर्नियाच्या शाळेला नाही. आपल्याकडे हेपटायटिस एची जिवंत (दुबळा केलेला विषाणू असलेली) आणि मृत अशा दोन्ही प्रकारच्या लसी मिळतात, कुठली घेतली ते दाखल्यावर लिहून घ्या. न्यू जर्सीत पाच वर्षांखालचं मूल प्रीस्कूलमध्ये असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत फ्लूची लस हवी. ती तिकडेच घ्या. बीसीजी, रोटाव्हायरस आणि टायफॉइड शाळा विचारत नाही.

एक हिशेब मांडून बघू

समजा मुलीचा जन्म १० मार्च २०२१ चा, सगळं लसीकरण महापालिकेच्या केंद्रात, आणि ऑगस्ट २०२६ ला कॅलिफोर्नियात किंडरगार्टन. तिथे लागतात पाच ट्रिपल, चार पोलिओ, तीन हेपटायटिस बी, दोन एमएमआर आणि दोन कांजिण्या. पोलिओला सवलत अशी की एक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा असेल तर तीनही चालतात.

१२ मार्च २०२६: पाचव्या वर्षाचा ट्रिपल बूस्टर, एमएमआर १, कांजिण्या १, आयपीव्ही १ आणि हेपटायटिस बी. पाच टोचण्या झाल्या. एकाच दिवशी देण्यात धोका नाही, दोन दंड आणि दोन मांड्या वाटून घेतात आणि एका अवयवावर दोन असतील तर मध्ये इंचभर जागा सोडतात. पाच म्हणजे फारच वाटलं तर ट्रिपल, आयपीव्ही आणि हेपटायटिस बी आठवड्यानं घ्या. या मृत लसी आहेत, त्यांचं इतर लसींशी अंतराचं बंधन नाही. एमएमआर आणि कांजिण्यांची जोडी मात्र फोडू नका.

९ एप्रिल: बरोबर २८ दिवस. एमएमआर २ आणि आयपीव्ही २. (आयपीव्ही १ आठवड्यानं पुढे ढकललं असेल तर आयपीव्ही २ पण तितकंच पुढे.)

१२ जून: कांजिण्या २.

९ ऑक्टोबर: आयपीव्ही ३, म्हणजे सहा महिन्यांनी. तोवर मूल तिकडे पोचलेलं असेल. पुढच्या डोसची तारीख अजून आलीच नसेल तर कॅलिफोर्नियात सशर्त प्रवेश मिळतो; तारीख उलटून गेल्यावर मात्र शाळा मुलाला घरी बसवू शकते. म्हणून ९ ऑक्टोबर ही तारीख तिकडच्या डॉक्टरांच्या पहिल्या भेटीतच सांगा.

२८ दिवसांची भानगड

सगळ्यात जास्त डोस वाया जातात ते या एका नियमावर. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लसी. त्या एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये पूर्ण २८ दिवस जाऊ द्यायचे. सोमवारी एमएमआर आणि 'बाळ चिडचिड करतंय, कांजिण्यांचं पुढच्या सोमवारी बघू' असं झालं की नंतर दिलेला डोस बाद धरतात. वयासाठी असलेली चार दिवसांची सूट या अंतराला लागू नाही. सत्ताविसावा दिवस म्हणजे नापास. कारण असं की पहिल्या जिवंत लसीनं शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी झालेली असते आणि मागोमाग आलेल्या दुसऱ्या लसीचा विषाणू पुरेसा वाढूच शकत नाही, त्यामुळे संरक्षण कच्चं राहतं.

दवाखान्यातून निघताना पुढची तारीख 'महिन्यानं' अशी घेऊ नका. फेब्रुवारीत महिना म्हणजे नेमके २८ दिवस, बाकी महिन्यांत दोनतीन दिवस जास्त. कॅलेंडरवर दिवस मोजून तारीखच लिहून घ्या आणि ती रविवारी किंवा दिवाळीत येत असेल तर पुढे सरकवा, मागे नाही.

एमएमआरनंतरचा ताप आणि पुरळ लगेच येत नाही, साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसात येतं. मुंबईहून निघायची तारीख त्या आठवड्यात पडत असेल तर विमानतळावर अंगावर पुरळ असलेलं मूल घेऊन उभं राहावं लागेल. डोस दोन आठवडे आधी उरका. अलीकडे मुलाला रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल, किंवा स्टेरॉइडचा मोठा कोर्स चालू असेल, तर जिवंत लसी पुढे ढकलाव्या लागतात. हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

दाखला असा लिहून घ्या

मूळ कार्ड मराठीत असतं, त्यावर नाव 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं, कधी तर माहेरचं नाव असतं. शाळेला पासपोर्टशी जुळणारं नाव हवं. म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक पानी दाखला घ्या. त्यावर मुलाचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव मधे असेल तर तेही त्याच स्पेलिंगनं, जन्मतारीख, प्रत्येक डोस वेगळ्या ओळीवर, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. जुने डोस डॉक्टरांनी दिलेले नसतात, तेव्हा 'मूळ कार्ड पाहून उतरवले' असं त्यांनी लिहिलं की त्यांनाही सही करायला अडचण वाटत नाही.

तारखेत महिना अक्षरात लिहायचा, यात हयगय नको. ०५/०८/२०२२ ही आपली ५ ऑगस्ट, अमेरिकेची ८ मे. तीन महिन्यांच्या या फरकानं बरोबर असलेला डोस वयाआधीचा ठरू शकतो, आणि नर्सशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो कारण कागद तिच्या वाचण्यासारखाच दिसतो.

नुसतं ब्रँडचं नावही नको. 'ट्रेसिव्हॅक' किंवा 'हेक्झाझिम' तिकडे ओळखीचं असेलच असं नाही. शेजारी त्यात कुठल्या लसी आहेत ते लिहा. पोलिओच्या ओळीवर थेंब की इंजेक्शन, आणि इंजेक्शन असेल तर पूर्ण की अंशडोस, हे स्पष्ट हवं. जुन्या कागदांची झेरॉक्स मागे जोडा. या दाखल्याला अपोस्टील (परदेशासाठी कागदावरचं सरकारी प्रमाणीकरण) सहसा कुणी मागत नाही. एजंट सुचवेल, पण शाळेनं लेखी मागितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

टीबीची चाचणी

भारतातून आलेल्या मुलांना काही राज्यं आणि काउंटी टीबीची तपासणी करायला लावतात. त्वचेवरची चाचणी बीसीजीमुळे फुगून येऊ शकते, मग एक्स-रे आणि पुढची धावपळ. पर्याय असेल तर इग्रा ही रक्तचाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ही चाचणी जिवंत लस घेतली त्याच दिवशी करतात, नाहीतर चार आठवड्यांनी. मधल्या दिवसांत केली तर निकाल चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो.

बाकीचे देश

ब्रिटनमध्ये शाळाप्रवेशासाठी कुठलीच लस कायद्यानं सक्तीची नाही. जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवलं की उरलेले डोस तिकडे मोफत मिळतात, म्हणून लंडनला जाणाऱ्यांनी नाशिकमध्ये घाईनं खर्च करू नये. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाच्या व्हिसासाठी टीबीचं प्रमाणपत्र मात्र भारतातूनच, आणि त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातूनच लागतं. अकरा वर्षांखालच्यांचा एक्स-रे सहसा काढत नाहीत, पण मुलाला तिथे न्यावंच लागतं.

जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवराचा कायदा आहे. दोन वर्षांवरच्या मुलाला गोवराच्या दोन डोसांचा पुरावा हवा. नसेल तर किटा (बालवाडी-पाळणाघर) प्रवेश नाकारते; शाळा सक्तीची असल्यामुळे ती नाकारू शकत नाही, पण प्रकरण आरोग्य कार्यालयाकडे जातं आणि २,५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

कॅनडात ओन्टारियोची यादी लांब आहे: ट्रिपल, पोलिओ, एमएमआर, मेनिंगोकोकल (मेंदूज्वराची लस), आणि २०१० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्या. तिथे डॉक्टरांनी डोस दिला म्हणजे सरकारला कळलं असं होत नाही. स्थानिक पब्लिक हेल्थ युनिटला पालकांनीच नोंद पाठवायची असते. ती न पाठवल्यामुळे लसीकरण पूर्ण असलेल्या मुलांनाही निलंबनाचं पत्र येतं.

ऑस्ट्रेलियात भारतातले डोस तिथल्या डॉक्टरांकडून राष्ट्रीय लसीकरण नोंदवहीत चढवून घ्यावे लागतात. शाळा आणि बालसंगोपन केंद्र त्या नोंदवहीचा उतारा मागतात आणि पाळणाघराचं अनुदानही त्यावरच अवलंबून असतं.

सिंगापूरचं वेगळं आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला डिपेंडंट पास (तिथे काम करणाऱ्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) हवा असेल तर घटसर्प आणि गोवराच्या लसीचा पुरावा पासच्या अर्जाआधीच तपासून घ्यावा लागतो. तिथे दाखला शाळेच्या नव्हे, व्हिसाच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे तो सर्वात आधी तयार ठेवा.

वेळच नसेल तर

तीन आठवड्यांत निघायचंय, तर एक दिवस पकडून दोन्ही जिवंत लसी, आयपीव्ही आणि हेपटायटिस बी घ्या. बाकी सगळं तिकडे. अर्धवट मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. मध्ये कितीही काळ गेला तरी झालेला वैध डोस वैधच राहतो. कागद पूर्ण हरवले असतील तर गोवर, रुबेला, कांजिण्यांसाठी अँटिबॉडीची रक्ततपासणी बरीच राज्यं मानतात. पोलिओसाठी त्यावर भिस्त ठेवू नका. पुन्हा घेतलेल्या एमएमआरनं नुकसान होत नाही. ट्रिपलचे डोस मात्र उगाच वाढवू नयेत. धनुर्वाताचे डोस फार झाले की हात सुजून जबर दुखतो.

तिकडच्या बालरोगतज्ज्ञांकडे नव्या पेशंटला लगेच वेळ मिळेल असं नाही, आणि शाळेचा फॉर्म बऱ्याच ठिकाणी तिथल्याच डॉक्टरांच्या सहीनं लागतो. म्हणून पत्ता आणि विमा पक्का झाला की नाशिकमधूनच अपॉइंटमेंट घ्या. मूळ कार्डं आणि दाखला केबिन बॅगेत ठेवा. पहिल्या भेटीत नाशिकचे सगळे डोस राज्याच्या लसीकरण नोंदणीत चढवायला सांगा आणि त्याचं प्रिंटआउट हातात घेऊन निघा. पुढे शाळा बदलली तर नवी शाळा तेच मागेल.